चालू दगडखाणीत घुबडाचा कडा कसा राखायचा?

विचारणाऱ्या ताईंची खटाव तालुक्यात ४ हेक्टरची काळ्या दगडाची खाण आहे, शेजारीच क्रशर. वडिलांच्या माघारी कारभार त्याच बघतात. उत्तरेकडच्या जुन्या कड्यात गेली तीन वर्षं शृंगी घुबडाची जोडी पिल्लं काढते आणि खालच्या डबक्यावर थंडीत बदकं उतरतात. पक्षी बघायला येणारी मंडळी म्हणतात, खाण बंद करून इथं अभयारण्य करा. मुकादम म्हणतो, सगळ्यात चांगला दगड उत्तरेलाच आहे. इंग्लंडमधल्या एका चालू खाणीत पक्ष्यांसाठी जागा राखल्याचंही त्यांनी लिहिलंय. खाण चालू ठेवून ही जागा राखता येईल का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, राखता येईल, आणि त्याला खर्चही फार नाही. मी २६ वर्षं सातारा-सांगलीकडच्या दगडखाणींवर काढली, आधी ब्लास्टिंगला आणि पुढं खाण व्यवस्थापक म्हणून. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. घुबड क्रशरच्या धडधडीला सरावतं, डंपरच्या ये-जा करण्याला सरावतं, ठरलेल्या वेळी लांबवर उडणाऱ्या सुरुंगालाही बऱ्यापैकी सरावतं. त्याला मारक ठरतो तो आपला धरसोडपणा. आज हा कडा, उद्या तो कडा, आणि मागणी वाढली की चार वर्षं सोडून दिलेल्या कड्याला पुन्हा ड्रिल. म्हणून सगळ्यात आधी एवढंच करा: उत्तरेचा कडा हा खाणीचा शेवटचा कडा आहे हे आत्ताच ठरवा, नकाशावर आखा आणि त्याला पुन्हा हात लावू नका. बाकीच्या गोष्टी याच्या मागून येतात.

घुबडानं नेमकी तीच जागा का धरली, ते बघा. आपला सगळा मुलूख लाव्हाच्या थरांचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेला. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी विटकरी रंगाचा मऊ पट्टा लागतो. कुणी त्याला गेरू म्हणतं, भूगर्भवाले रेड बोल म्हणतात. पावसानं हा पट्टा झिजत आत जातो आणि वरचा घट्ट काळा दगड सज्जासारखा पुढं राहतो. वर छप्पर, खाली भुसभुशीत जमीन, समोर उघडा माळ. शृंगी घुबड काड्यांचं घरटं बांधत नाही, अशा खोबणीत उघड्या जमिनीवरच अंडी घालतं. लांबून दुर्बिणीनं बघा. कड्यावर जिथं विष्ठेचे पांढरे ओघळ दिसतील, तिथं किंवा त्याच्या जरा वर तुम्हाला हा विटकरी पट्टा बहुतेक सापडेलच.

पिल्लं उडून गेल्यावर, म्हणजे मे महिन्यात, कड्याखाली जाऊन या. अंगठ्याहून जाड, राखाडी केसांचे गोळे पडलेले असतील. घुबडाला न पचलेलं सगळं त्यात असतं. मी एकदा खाणीच्या ऑफिसात वर्तमानपत्र पसरून असे गोळे कोमट पाण्यात भिजवून फोडले होते. एकाच गोळ्यात उंदरांचे तीन जबडे निघाले, पुढचे दात पिवळेजर्द, जसेच्या तसे. शेजारच्या ज्वारीवाल्या शेतकऱ्याला बोलावून दाखवले. त्या दिवसापर्यंत ते घुबडाला अपशकुनी म्हणून दगड मारायचे. त्यांनी तो जबडा तळहातावर घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "म्हणजे हे राखणीला बसलंय की आपल्या." तुमच्या आसपासच्या शेतकऱ्यांना आणि खाणीवरच्या माणसांना असे गोळे स्वतःच्या हातानं फोडू द्या. दहा भाषणांनी होत नाही ते काम त्यानं होतं.

आता मुकादमाचं म्हणणं. त्याला दगड दिसतो, त्यात त्याची चूक नाही, म्हणून त्याच्याशी ब्रासमध्येच (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) बोला. धरून चला की कडा ४० मीटर लांब आणि ६ मीटर उंच आहे, आणि त्यामागचा ५ मीटर दगड तुम्ही सोडला. ते झाले १,२०० घनमीटर, म्हणजे जागेवरचा साधारण ४२४ ब्रास दगड. आकडा मोठा वाटतो. पण मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, १९६१ प्रमाणे लीजच्या हद्दीपासून ७.५ मीटरच्या पट्ट्यात तुम्हाला तसंही खणता येत नाही. कडा हद्दीपासून १० मीटरवर असला, तर ज्या दगडासाठी एवढी ओढाताण चाललीय त्यातला फक्त अडीच मीटर तुमच्या हक्काचा आहे. म्हणजे २१२ ब्रास, खाणीच्या सगळ्या आयुष्यात मिळून. एवढं मोजून दाखवल्यावर वाद मिटलेले मी पाहिलेत.

कडा सोडायचा म्हणजे खाणीचं तोंड दक्षिणेकडं फिरवायचं आणि कामाचा क्रम असा लावायचा की दरवर्षी आपण घुबडापासून लांब जाऊ. डंपरचा रस्ता कड्याच्या पायथ्यावरून जात असेल तर तोही हलवा. हे सगळं मायनिंग प्लॅनमध्ये रीतसर घाला, कारण कागदावर नसलेला कडा पुढच्या ठेकेदाराला कडा वाटत नाही.

इंग्लंडमधल्या ज्या खाणीबद्दल तुम्ही लिहिलंय, ती केंब्रिजशायरमधली नीडिंगवर्थची. तिथं हॅन्सन ही खाण कंपनी आणि आरएसपीबी ही पक्षी संरक्षण संस्था यांनी मिळून सुमारे ३० वर्षांचा कार्यक्रम आखला. वाळू-खडी काढून झालेला एकेक तुकडा पाणथळ करून संस्थेच्या ताब्यात द्यायचा, आणि यंत्रं पुढच्या तुकड्यात चालू. शेवटी ७०० हेक्टरचं राखीव क्षेत्र उभं राहणार. त्यांच्याकडून घेण्यासारखा आहे तो हा टप्प्याटप्प्याचा हिशोब. त्यांची बोरूची बेटं आणि पाणथळी आपल्या उपयोगाची नाही. ती नदीकाठची ओली जमीन, आपला खटाव-माणचा कोरडा कातळ. तुमच्याजवळ कडा आहे, मुरूम आहे, थोडं पाणी आहे आणि माळ आहे, त्याच्यावरच बेत करा.

वेळापत्रक असं ठेवा. दसऱ्यानंतर संध्याकाळी जोडी घुमायला लागते. अंडी साधारण नोव्हेंबरपासून पुढं. पाच आठवडे उबवण. पिल्लं महिन्याभराची झाली की उडता येण्याआधीच खोबणीतून उतरून चालायला लागतात, आणि नीट उडायला दोन महिने लागतात. म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल कड्याच्या जवळपास ड्रिलिंग आणि ब्लास्टिंग बंद. जवळपास म्हणजे किती? घरांसाठी जमिनीच्या कंपनाच्या मर्यादा डीजीएमएसनं (खाण सुरक्षा महासंचालनालयानं) घालून दिल्यात, वारंवारितेप्रमाणे सेकंदाला ५, १० आणि १५ मिलिमीटर. घुबडाच्या अंड्यासाठी असा आकडा नियमात नाही. मी स्वतः १०० मीटर पाळत आलोय. ४ हेक्टर चौरस धरलं तर २०० मीटर बाय २०० मीटर होतं, तेव्हा दक्षिणेचा निम्मा भाग तुम्हाला सगळा हंगाम मोकळा आहे. तिथंही एका डिलेमागचा, म्हणजे एका क्षणी उडणाऱ्या भोकांतला, दारूचा भार कमी ठेवा, नॉनेल (वायरऐवजी नळीनं सुरुंग पेटवायची पद्धत) वापरा आणि वेळ रोजची एकच. मधल्या पट्ट्यातलं काम मे महिन्यात उरका.

हे वेळापत्रक मी शिकलो ते एका चुकीतून. जत तालुक्यातल्या एका खाणीवर डिसेंबरात रस्त्याच्या कामाची तातडीची ऑर्डर आली. चार वर्षं पडून असलेला एक कडा रस्त्याला सोयीचा होता. मी वर चढून बघितलं, वरून काही दिसलं नाही. सज्जाच्या आतलं वरून दिसतच नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. संमती दिली. सुरुंग उडाला, धूर विरला, आणि दिवसाउजेडी एक घुबड येऊन जिथं सज्जा होता त्या पोकळीसमोर घिरट्या घालायला लागलं. दोन वेळा त्यानं तिथं बसायचा प्रयत्न केला, बसायला काही नव्हतं. ते घुबड संध्याकाळपर्यंत समोरच्या ढिगावर बसून होतं. कामगारांपैकी कुणी जेवायला गेलं नाही. त्या दिवसापासून कुठल्याही जुन्या कड्याला ड्रिल लावण्याआधी मी दोन संध्याकाळी समोर बसून बघतो, खालून आणि समोरून.

रात्रीचा एक प्रसंगही सांगतो, कारण तो तुमच्या ड्रायव्हर लोकांना सांगायला उपयोगी पडेल. मार्च महिना, कोरेगाव बाजूची खाण. डंपरच्या दिव्यात रस्त्याच्या मधोमध काहीतरी दिसलं. कापसाच्या बोळ्यासारखं पिल्लू, दोन्ही पंख सुपासारखे पसरून, चोच कटकट वाजवत गाडीला भिववत होतं. डोळे नारिंगी, निखाऱ्यासारखे. ड्रायव्हरनं दिवे मंद केले, इंजिन बंद केलं आणि बसून राहिला. वीसेक मिनिटांनी पिल्लू पाय टाकत टाकत कडेच्या दगडांत गेलं. असं पिल्लू अनाथ नसतं, आई-बाप जवळच असतात. उचलून ऑफिसात आणायचं नाही, दूध पाजायचं नाही. फार तर रस्त्यावरून बाजूला, कड्याच्या दिशेला ठेवायचं. फेब्रुवारी ते एप्रिल अंधार पडल्यावर त्या बाजूची वाहतूक बंद ठेवलीत तर हा प्रश्नच येत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र पक्ष्यांच्या प्रेमापोटी सूट घेऊ नका. ज्या सज्जाखाली घुबड बसतं, तोच सज्जा एक दिवस खाली येतो. कड्याच्या उंचीएवढं अंतर सोडून पायथ्याशी मोठ्या दगडांची रांग लावा आणि त्याच्या आत माणूस जाऊ देऊ नका. डीजीएमएसच्या नियमात कठीण दगडातल्या पायरीची (बेंचची) उंची ६ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. कडा त्याहून उंच असेल तर आधी सक्षम व्यक्तीकडून पाहणी करून घ्या. पायरी काढायची असलीच तर ती हंगामाबाहेर, आणि खोबणीचा भाग वगळून. शेवटच्या कड्यासाठी काही जण प्री-स्प्लिट करतात, म्हणजे जवळजवळ भोकं पाडून हलक्या भारानं दगड सरळ कापतात. कडा मजबूत होतो खरा, पण आरशासारखा गुळगुळीत. त्याच्यावर ना पाकोळी मातीचं घरटं चिकटवते ना घुबड टेकतं. हद्दीवर घर किंवा रस्ता असेल तिथं प्री-स्प्लिट करा. घुबडाच्या बाजूला खडबडीतपणा राहू द्या.

आग्या मोहोळ असेल तर त्याचं वेगळं बघावं लागतं. सज्जाखाली पोळी लटकलेली असताना शेजारी ड्रिल सुरू केलं तर माणसं दवाखान्यात जातात. धूर करून जाळू नका. या माश्या हंगाम संपला की पोळं सोडून आपणहून जातात. रिकामं पोळं दिसेपर्यंत थांबा.

मुरमाच्या ढिगांकडं कुणाचं लक्ष नसतं, पण मला सगळ्यात आनंद तिथं मिळतो. लोडरनं ढीग उभा कापला की मार्चच्या सुमारास वेडे राघू त्या उभ्या मातीत बिळं कोरायला येतात. चोचीनं उकरायचं आणि पायानं माती मागं उडवायची, चार-पाच फूट खोल. मग एप्रिलमध्ये तोच ढीग भरायला लोडर येतो आणि सगळं गाडलं जातं. इंग्लंडातल्या वाळूखाणींत असाच प्रश्न सँड मार्टिन नावाच्या पाकोळीचा आहे, आणि तिथला उपाय आपल्याकडं जसाच्या तसा चालतो. फेब्रुवारीअखेर एका ढिगाची एक बाजू उभी तासून ठेवा आणि जूनपर्यंत तिला हात लावू नका. बाकीचे ढीग रोज संध्याकाळी उतरते करून टाका, म्हणजे राघू तिथं सुरुवातच करत नाहीत. ऑपरेटरची पाच मिनिटं जातात. टिटवीचंही तसंच, ती खडीच्या सपाटीवरच अंडी घालते. दिसली की चार दगड रंगवून भोवती ठेवा. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस मोठा, असं आपल्याकडं म्हणतातच, त्यामुळं खाणीवरची माणसं ती अंडी मनापासून जपतात, असा माझा अनुभव आहे.

डबक्याबद्दल. काळ्या दगडाच्या खाणीचं पाणी बहुधा वाईट नसतं, त्यात त्रास असतो तो कचीच्या (क्रशरच्या बारीक भुकटीच्या) गाळाचा आणि डिझेल-ऑइलचा. क्रशरकडून वाहणारं पाणी आधी एका गाळ खड्ड्यात मुरू द्या, गाड्या धुणं लांब न्या. पण खरी अडचण आकाराची आहे. खाणीचा खड्डा म्हणजे विहीर. काठ उभा, पाणी एकदम खोल. हळदी-कुंकू बदक आणि टिबुकली पोहतील, पण शेकाट्या, तुतवार, धोबी यांना घोट्याएवढं पाणी लागतं. टाकाऊ मुरूम आणि माती एका कोपऱ्यात ढकलून दहा मीटरला एक मीटर असा उतार करा. हे काम पाणी भरण्याआधी उन्हाळ्यातच होतं, नंतर नाही. याच उतारानं कोल्हा, मेंढरू, आणि देव न करो, एखादं पोर पाण्यात पडलं तर त्याला वर यायला वाट मिळते. सोडलेल्या खाणींत पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. उरलेल्या तिन्ही बाजूंना पक्कं कुंपण घाला. मोठ्या डबक्यात डासांसाठी गप्पी मासे सोडायला कुणी सांगितलं तर सोडा, पण पावसाळ्यात बेंचवर साचणारी छोटी डबकी मोकळी ठेवा, बेडकांची पिल्लावळ तिथंच वाचते. चिलापी आणि मांगूर कुठंच नको.

झाडं लावण्याबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही, तरी सांगतो. पर्यावरण मंजुरीतल्या अटीप्रमाणे हरितपट्टा करावाच लागतो, तो हद्दीच्या साडेसात मीटरमध्ये आणि क्रशरच्या बाजूला करा, धूळ अडेल. हिवर, बाभूळ, बोर, कडुनिंब, पळस, कुंपणाला नेपती आणि शेर. सुबाभूळ, गिरिपुष्प, निलगिरी नको. पण उरलेल्या माळावर झाडं लावू नका. तुमच्याकडचा माळ ओसाड नाही. कुसळी गवताचा तो माळ धाविक, पखुर्डी, तित्तर, चंडोल यांचं घर आहे आणि तुमच्या घुबडाचं शिकारीचं रान आहे. तिथं दाट झाडी झाली की घुबडाला उंदीर दिसणार कसा? वरची माती काढाल ती वेगळी, दोन मीटरपेक्षा कमी उंचीच्या ढिगात ठेवा आणि एक-दोन पावसाळ्यांच्या आत संपलेल्या बेंचवर पसरा. जितकी पडून राहील तितकं तिच्यातलं गवताचं बी मरत जातं. गाड्यांच्या चाकांबरोबर येणारं गाजरगवत फुलायच्या आत उपटून टाका. कड्याच्या भेगेत पाईर किंवा पिंपरणी आपोआप उगवली तर राहू द्या.

केनियात मोंबासाजवळ बांबुरी सिमेंटच्या चुनखडीच्या खाणीत रेने हॅलर यांनी १९७१ पासून सुरूची झाडं लावली. सुरूच्या सुया कुजेनात, तेव्हा त्यांनी पैसा किडे आणून सोडले, त्यांनी सुया खाऊन माती तयार केली आणि आज तिथं जंगल आहे. फार सुंदर काम आहे. पण त्यांच्याकडं नागडी चुनखडी होती, माळ नव्हता. आपल्याकडं कुणी ते उदाहरण देऊन हजार सुरू लावायला सांगितले तर नम्रपणे नाही म्हणा.

अभयारण्याचा आग्रह धरणाऱ्यांना काय सांगायचं? खाजगी जमिनीवर समुदाय राखीव क्षेत्र करण्याची सोय वन्यजीव संरक्षण कायद्यात आहे, कलम ३६-सी मध्ये, २००२ च्या दुरुस्तीनं आलेली. पण एकदा अधिसूचना निघाली की व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मान्यता यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. चालू लीजवर हे ओढवून घेऊ नका. तुमच्याच तालुक्यातलं मायणी हे पक्ष्यांसाठी राखीव झालेलं आहे, पण तो तलाव आहे. सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर उघड्या डोंगरांवर माणसांनी उभं केलं, तिथंही खाण चालवायची नव्हती. तुम्ही सध्या गावच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत या पक्ष्यांची नोंद करून घ्या, वनरक्षकाला कळवून ठेवा आणि खाण संपेल तेव्हा समुदाय राखीवचा अर्ज करा. गट सरकारी असेल तर लीज संपल्यावर जमीन सरकारकडं जाते, तेव्हा तो निर्णय तुमचा राहणार नाही.

आणि ताई, पाटी लावू नका. फोटो टाकताना गावाचं नाव घालू नका. दिवाळीच्या आसपास करणी-भानामतीसाठी घुबडं पकडणारे फिरतात. हौशी फोटोवाल्यांपैकीही काही जण मोबाइलवर घुबडाचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढतात, पिल्लांवर फ्लॅश मारतात. मादी अंड्यांवरून उठली की कावळ्यांना तेवढंच पाहिजे असतं. खाण ही कामाची जागा आहे, हेल्मेट आणि परवानगीशिवाय प्रवेश नाही, एवढं सांगायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. चालू खाणीचा हा फायदा समजा, इथं गेट आहे आणि रात्रपाळीचा वॉचमन आहे. त्या वॉचमनला एक वही द्या, कधी घुमलं, कुठून उडालं, पिल्लं किती, एवढंच लिहायला सांगा. तीन वर्षांत ती वही कुठल्याही सर्व्हेपेक्षा तुमच्या कामाची ठरेल.

दसऱ्याला अजून वेळ आहे. त्याआधी सर्व्हेअरला बोलावून उत्तरेची हद्द मोजून घ्या आणि कड्यापासून १०० मीटरवर चुन्याची फक्की मारा. हद्द ते कडा अंतर नक्की किती भरतं आणि डबक्याच्या कुठल्या बाजूला मुरूम ढकलायला पोकलेन उतरू शकतो, हे दोन्ही कळवलंत तर काठाच्या उताराचा नकाशा मी करून देतो.